जुनं मोटरहोम घेतलंय: आधी काय तपासायचं, काय बदलायचं आणि काय राहू द्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १३ वर्षांचं डिझेल मोटरहोम घेतलंय, मीटरवर ५८,००० किलोमीटर, मागची दोन वर्षं जवळपास एकाच जागी उभं होतं. आतून स्वच्छ आहे, चालवताना काही खटकलं नाही. दीड महिन्याने लांबचा प्रवास ठरलाय. तोवर सोलर पॅनल, लिथियम बॅटरी, नवा फ्रिज आणि गाद्या एवढं करून घ्यायचंय. यात आणखी काय घालावं?

आधी या यादीतलं सगळं बाजूला ठेवा. तुम्ही ५८,००० हा आकडा जमेची बाजू म्हणून लिहिलाय, पण मोटरहोमच्या बाबतीत १३ हा आकडा जास्त बोलका आहे. रबर, सीलंट, ब्रेक ऑइल, कूलंट, गॅसची नळी, बॅटरी यांतलं काहीही किलोमीटर मोजत नाही. ते वर्षं मोजतं, आणि उभ्या गाडीत काही गोष्टी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडतात. त्यामुळे दीड महिन्यात तीन गोष्टींचा निकाल लावायचा आहे: रस्त्यात जीवावर बेतेल असं काय आहे, झोपेत जीवावर बेतेल असं काय आहे, आणि भिंतीत पाणी मुरतंय का. सोयीच्या वस्तू त्यानंतर.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि उत्तर त्यांवर बरंच अवलंबून आहे. गाडी छपराखाली होती की उघड्यावर? कडाक्याची थंडी पडते तिथे होती का, आणि असल्यास टाक्या व नळ्या रिकाम्या केल्या होत्या का? भिंती जोडून बांधलेलं घर आहे की मूळ व्हॅनच्या पत्र्याच्या आतच केलेलं? व्हॅनच्या पत्र्यात सांधे कमी असतात, त्यामुळे तिथे गळतीपेक्षा गंजाची काळजी जास्त. खाली मी भिंती जोडून बांधलेली, उघड्यावर उभी राहिलेली गाडी धरून लिहितोय, कारण सगळ्यात जास्त त्रास तीच देते.

कागदांपासून सुरुवात करा. सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यांपेक्षा बिलं पाहा. बिलावर पार्टचा नंबर, तारीख आणि किलोमीटर असेल तरच ते काम झालं असं धरायचं. 'बेल्ट बदललाय असं मालक म्हणाले' याचा अर्थ बेल्ट बदललेला नाही. मोटरहोमला किमान दोन उत्पादक असतात, एक चासी आणि इंजिनाचा, दुसरा घर बांधणाऱ्याचा. दोघांकडेही आपापल्या क्रमांकाने रिकॉल (दोषामुळे कंपनीने फुकट दुरुस्तीला परत बोलावणं) निघालाय का ते विचारा. गॅसवर चालणाऱ्या काही फ्रिजच्या मॉडेलांना आगीच्या धोक्यामुळे रिकॉल झालेले आहेत, म्हणून फ्रिजच्या पट्टीवरचा क्रमांकही वेगळा तपासा.

आता पाणी. यात सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण बाकी सगळं पार्ट बदलून सुटतं, कुजलेली भिंत सुटत नाही. भिंतीची रचना साधारण अशी असते: बाहेर अ‍ॅल्युमिनियमचा किंवा फायबरचा पत्रा, मध्ये फोम आणि लाकडी पट्ट्या, आत जेमतेम ३ मिलिमीटरचा प्लाय आणि त्यावर कागद किंवा विनाइल. पाणी एखाद्या स्क्रूच्या भोकातून शिरतं, लाकडी पट्टीच्या कडेने उतरतं आणि तिसरीकडेच डाग दाखवतं. त्यामुळे डाग दिसला तिथे बाहेरून सीलंट फासलं की काम झालं असं होत नाही. आत शिरायची जागा डागाच्या वर आणि बहुधा बाजूला कुठेतरी असते.

दोन टोचे असलेला ओलावामापक घ्या आणि गाडीचा नकाशा काढून त्यावर आकडे लिहा. छताचे चारही कोपरे, प्रत्येक खिडकीचे खालचे दोन कोपरे, छतावरच्या झडपांच्या कडा, ऑनिंगच्या (बाहेर उघडायच्या कापडी छताच्या) पट्टीखालची भिंत, मागच्या दिव्यांच्या मागची बाजू, शिडीचे पाय, चाकांच्या कमानींवरचा भाग आणि दाराजवळची जमीन. कपाटांच्या आतून आणि पलंगाखालून मोजा. मालक तिथे सजावट करत नाहीत. १५ टक्क्यांपर्यंत ठीक. १५ ते २० असेल तर तारीख लिहून ठेवा आणि महिन्याने पुन्हा मोजा. २० च्या वर गेलं की गळती शोधायची, आणि ३० च्या आसपास असेल तर आतलं लाकूड कुजायला लागलंय असं धरून चालायचं. मापक धातूच्या पट्टीवर किंवा खिळ्यावर टेकला तर खोटा आकडा देतो, म्हणून एकाच आकड्यावर घाबरू नका, आजूबाजूला चार ठिकाणी टोचून पाहा.

आकड्यांइतकाच अंगठाही कामाचा आहे. दाबल्यावर प्लाय आत जातो का, कागदाला लाटा आल्यात का, स्क्रूच्या डोक्याभोवती तपकिरी कडं आहे का. सगळ्या गाडीचा कागद जुना आणि एकाच कोपऱ्यात तो नवाकोरा असेल, तर तो कोपरा आधी उघडायचा. बंद गाडीत दोन दिवसांनी शिरताना येणारा कुबट वासही खोटं बोलत नाही. एअर फ्रेशनर लटकत असेल तर तो काढून टाका आणि मगच वास घ्या.

गळतीची जागा सापडत नसेल तर पाइपने पाणी मारण्यापेक्षा हवेची चाचणी चांगली. सगळ्या झडपा आणि जाळ्या चिकटपट्टीने बंद करायच्या, एका खिडकीत ब्लोअर बसवून आत थोडा दाब तयार करायचा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फवारायचं. जिथे बुडबुडे, तिथे वाट. मात्र त्याआधी गॅस बंद आणि सगळ्या ज्योती विझलेल्या हव्यात.

दुरुस्तीचा नियम एकच: सिलिकॉन नको. ते काही काळ धरतं, मग सुटतं, आणि त्याचा पातळ थर मागे राहिला की त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. पट्ट्या आणि चौकटींच्या खाली ब्यूटिल पट्टी (मऊ, चिकट रबरी पट्टी), छतावरच्या आडव्या सांध्यांवर आपोआप पसरणारं छताचं सीलंट, आणि ते तुमच्या छताच्या साहित्याला चालतं का हे डब्यावर वाचून. रबरी छतावर पेट्रोलसारखा द्राव अजिबात वापरू नका, रबर फुगतं. ऑनिंगची पट्टी गळत असेल तर वरून बोट फिरवून भागत नाही. पट्टी पूर्ण उतरवायची, जुनं ब्यूटिल प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, नवं लावायचं, स्टेनलेस स्क्रू घालायचे. कसल्यावर ब्यूटिल कडेने बाहेर यायला हवं. दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा हलके कसायचे, कारण ब्यूटिल दबतं, आणि मग जादा भाग कापायचा. जुने स्क्रू काढताना त्यांची टोकं पाहा. टोक गंजलेलं म्हणजे त्या भोकातून पाणी आत गेलेलं आहे.

लाकूड ओलं असेल तर आतला प्लाय उघडा ठेवून डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) लावायचा. याला आठवडे लागू शकतात. मापक १५ च्या खाली येईपर्यंत भिंत बंद करायची नाही, मग प्रवास पुढे ढकलावा लागला तरी चालेल.

पुढचं टायर. साइडवॉलवर डॉट (DOT) ही अक्षरं आणि त्यापुढे क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१८ म्हणजे २०१८ चा २३वा आठवडा. पूर्ण क्रमांक कधीकधी एकाच बाजूला असतो, म्हणून बाहेरून दिसला नाही तर गाडीखाली शिरून पाहा. खोल नक्षी पाहून फसू नका. मोटरहोमचा टायर झिजून नाही, म्हातारा होऊन जातो. वर्षानुवर्षं एकाच जागी पूर्ण वजन, बाजूने ऊन, आणि रबराला लवचीक ठेवणारी द्रव्यं टायर फिरला तरच पृष्ठभागापर्यंत येत राहतात. सहा-सात वर्षांनंतर मी टायर बदलायच्या यादीत टाकतो. दहा वर्षांच्या टायरवर, तो कितीही देखणा असला तरी, लांबचा प्रवास करू नये. स्टेपनीलाही हेच लागू. मागे जोडीची चाकं असतील तर आतला टायर वेगळा मोजा. तो बसला तरी बाहेरचा सगळं वजन उचलत राहतो आणि बाहेरून कळतही नाही.

टायर घेताना आकार सारखा असून भागत नाही, भार निर्देशांकही (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) तेवढाच किंवा जास्त हवा. मोटरहोमसाठी सीपी (CP) खुणेचे टायर मिळतात. त्यांत मागच्या एकेरी चाकांना पाच-साडेपाच बारपर्यंत हवा भरायला सांगितलेली असते, आणि इथे बऱ्याच ठिकाणी गफलत होते: साधा रबरी व्हॉल्व्ह साधारण ४.५ बारपर्यंतचाच असतो. जास्त दाब हवा असेल तर धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्या. नेमका दाब टायर कंपनीच्या तक्त्यावरून, प्रत्येक आसाच्या (अ‍ॅक्सलच्या) खऱ्या वजनानुसार ठरवायचा. चाकं काढून बसवली की ५० ते ८० किलोमीटरनंतर नट टॉर्क पान्ह्याने पुन्हा तपासायचे.

आसाचं वजन म्हटलं म्हणजे वजनकाटा आलाच. पाणी, इंधन, सामान आणि माणसं भरून आधी पुढचा आस, मग मागचा आस, मग पूर्ण गाडी असं तीनदा मोजा आणि दारावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवरच्या मर्यादांशी ताडून पाहा. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा आस मर्यादेबाहेर हे नेहमी दिसणारं चित्र आहे. कारण तरफेचं: दोन आसांत ४ मीटर अंतर असेल आणि मागच्या आसापासून २ मीटर मागे ६० किलोच्या सायकली टांगल्या, तर मागच्या आसावर ६० नाही, ९० किलो वाढतात आणि पुढचा आस ३० किलोने हलका होतो. सोलर आणि बॅटरीचा विचार करताना हे आकडे समोर ठेवा.

इंजिनाचं काम मेकॅनिककडे देताना यादी हातात द्या. टायमिंग बेल्ट असेल आणि बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि त्याच बेल्टवर चालत असेल तर वॉटर पंप एकदमच बदला. कंपनी जी मर्यादा देते तिच्यात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही असतात, जे आधी संपेल ते धरायचं. तुमच्या गाडीत वर्षं कधीच संपलीत. बहुतेक डिझेल इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेडच उघडावं लागतं. इंजिन चेनवर असेल तर हा खर्च वाचला. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि बाहेरचा फॅन बेल्ट सरसकट बदला. दोन वर्षं उभ्या टाकीत बाष्प जमून पाणी तळाशी बसतं आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर काळा चिकट थर वाढतो, म्हणून जुना फिल्टर कापून आत काय आहे ते पाहा. चिखलासारखं निघालं तर टाकी साफ करावी लागेल, नुसता फिल्टर पुरणार नाही. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचं घर निघणं हेही फार दुर्मीळ नाही. तसं निघालं तर जवळच्या वायरिंगची सालं कुरतडलीत का तेही पाहून घ्या.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सियस असतो, पाणी शोषल्यावरचा मानक आकडा किमान १५५ अंश. साडेतीन टनांची गाडी घाटातून उतरताना हा फरक पायाखाली कळतो: पेडल मऊ होतं आणि तळाशी जातं. दर दोन वर्षांनी ते बदलायचंच असतं. रबरी ब्रेक होज वाकवून पाहा, चिरा दिसल्या की बदला. मग १०-१५ किलोमीटर चालवून, शक्यतो कमी ब्रेक दाबत, थांबल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकांच्या डिस्कचं किंवा ड्रमचं तापमान घ्या. एकाच आसावरच्या डाव्या-उजव्या चाकांत मोठा फरक असेल तर गरम बाजूचा कॅलिपर किंवा त्याच्या पिना अडकल्यात. उभ्या गाडीचा हा अगदी ठरलेला आजार आहे आणि सरळ रस्त्यावर चालवताना तो बऱ्याचदा जाणवत नाही.

गाडीखाली शिरलाच आहात तर जॅक लावायच्या जागा, मागे जोडलेली जादा चासी, स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या पाहा. वरवरचा गंज चालतो, पापुद्रे सुटणारा नाही. ताजा काळा लेप दिसला तर स्क्रू ड्रायव्हरने ठोकून आवाज ऐका.

आता गॅस. इथे बदलायच्या गोष्टींवर घासाघीस करू नका. रेग्युलेटर आणि रबरी नळ्यांवर तारीख छापलेली असते. रेग्युलेटर दहा वर्षांनी बदलायचा. नळीची मुदत देशानुसार बदलते, पण १३ वर्षांची मूळ नळी कुठल्याच नियमात बसत नाही. सांधे साबणाच्या पाण्याने तपासा, अमोनिया असलेला क्लीनर वापरू नका, त्याने पितळेला चिरा जातात. पण साबण फक्त हाताला लागणारे सांधे दाखवतो. कपाटामागच्या नळ्यांसाठी दाबाची चाचणी लागते: नळ्यांत दाब भरायचा, सिलेंडर बंद करायचा, सगळी उपकरणं बंद, आणि गेजवरचा काटा खाली येतो का ते बघत राहायचं. ही चाचणी आणि हीटर व फ्रिजच्या ज्योतीची तपासणी गॅसचं काम येणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलेंडरच्या कप्प्याच्या तळाशी आणि घराच्या जमिनीत मुद्दाम ठेवलेली भोकं असतात. गार वारा येतो म्हणून मागच्या मालकाने ती बुजवलेली असू शकतात. ती मोकळी करा.

कार्बन मोनॉक्साइड, गॅस आणि धुराचे अलार्म बटण दाबल्यावर वाजतात म्हणजे चांगले आहेत असं नाही. बटण फक्त भोंगा आणि बॅटरी तपासतं. आतला सेन्सर म्हातारा होतो. मागे छापलेली मुदत संपली असेल तर, किंवा तारीखच नसेल तर, नवे घ्या. संपूर्ण यादीत एवढ्या कमी पैशात एवढं मिळवून देणारं दुसरं काही नाही. अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे का आणि आणीबाणीची खिडकी खरंच उघडते का, हेही त्याच दिवशी पाहा.

फ्रिज बदलायची घाई का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. गॅस, १२ व्होल्ट आणि मेन्स (बाहेरून जोडलेली घरगुती वीज) अशा तिन्हींवर चालणारा शोषण प्रकारचा फ्रिज गार व्हायला रात्रभर घेतो आणि गाडी समतल उभी नसेल तर नीट चालतही नाही. आधी मेन्सवर २४ तास लावून पाहा. मेन्सवर थंड होतो आणि गॅसवर नाही, तर दोष बर्नरमध्ये आहे: काजळी, गंज, कोळ्याचं जाळं. साफसफाईत काम होतं. जेटमध्ये मात्र सुई घालू नका, भोक मोठं होतं. मागच्या नळ्यांवर पिवळी पूड किंवा अमोनियाचा वास असेल तर कूलिंग युनिट गेलं, तेव्हाच बदला.

लिथियमबद्दल. आधी आहे त्या बॅटरीची चाचणी घ्या. पूर्ण चार्ज करा, सगळं सोडवा, १२ तास ठेवा. १२.७ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. मग १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर ५ अँपिअरचा भार दहा तास चालवा, भार काढून अर्धा तास थांबा आणि मोजा. १२.२ च्या जवळ असेल तर क्षमता शिल्लक आहे, या प्रवासाला ती पुरेल. तीन-चार तासांतच १२ च्या खाली गेली तर बदला. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ही जुन्याच्या जागी नवी ठेवली आणि झालं, अशी वस्तू नाही. ती अल्टरनेटरकडून (इंजिनावर चालणाऱ्या जनित्राकडून) सतत एवढा प्रवाह खेचते की तो तापून जळू शकतो, म्हणून मध्ये डीसी-डीसी चार्जर (प्रवाहावर मर्यादा ठेवणारा) लागतो. जुन्या मेन्स चार्जरचा सल्फेशन (शिशाच्या बॅटरीच्या प्लेटांवरचा थर) काढायचा मोड बंद करता यायला हवा, आणि शून्य अंशाखाली ती चार्ज होऊ नये अशी सोय हवी.

वायरिंगमध्ये मागच्या मालकाची कारागिरी शोधा. बॅटरीच्या धन टोकापासून निघणाऱ्या प्रत्येक वायरला टोकाजवळच फ्यूज हवा. २,००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर १९० अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याला बोटाएवढ्या जाड केबलऐवजी दिव्याची वायर लावलेली असेल तर ती आधी काढून टाका. मेन्सच्या ईएलसीबीचं (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) चाचणी बटण दाबून पाहा, आणि बाहेरच्या सॉकेटच्या पिना काळ्या पडल्या असतील तर सॉकेट बदला.

पाण्याच्या व्यवस्थेला एक दिवस पुरे. पंप चालू करून सगळे नळ बंद करा. पंप थांबला पाहिजे आणि थांबलेलाच राहिला पाहिजे. दर काही मिनिटांनी स्वतःहून गुरगुरला तर कुठेतरी गळतंय किंवा पंपाची झडप परत सोडतेय. थंडीत पाणी गोठून गीझरची टाकी, नळाचं काडतूस किंवा पंपाचं डोकं फुटलेलं असतं आणि ते पाणी भरल्याशिवाय कळत नाही. गळत नसेल तर टाकी निर्जंतुक करा: फिल्टर काढा, सुगंध नसलेलं ५ टक्क्यांचं ब्लीच दर लिटर पाण्याला १ मिलिलिटर, प्रत्येक नळातून वास येईपर्यंत सोडा, चार तास ठेवा, मग रिकामं करून दोनदा खळखळून धुवा. गीझर स्टेनलेसचा असेल तर क्लोरीन चालतं का ते त्याच्या पुस्तिकेत पाहा, नाहीतर त्याला बायपास करा. काही गीझरमध्ये मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड असतो. तो पाऊण भाग झिजला की बदलायचा, आणि काढताना पाणी गार व दाब शून्य हवा. टॉयलेटच्या कॅसेटचं रबरी सील कडक झालं असेल तर तेही बदला, पाच मिनिटांचं काम आहे. गाद्या आहेत तशा राहू द्या. भिंत ओली निघाली तर त्या पुन्हा हलवाव्याच लागतील.

क्रम असा ठेवा. पहिल्या आठवड्यात कागद, ओलावा, टायरच्या तारखा आणि अलार्म, कारण यांचे निकाल बाकी सगळं ठरवतात. दुसऱ्या-तिसऱ्यात मेकॅनिक आणि गॅस. त्याच दरम्यान छताचं काम, हवामान कोरडं असताना. चौथ्यात पाणी आणि वीज. पाचव्यात वजनकाटा, आणि घरापासून तासाभराच्या अंतरावर दोन रात्री, मेन्स न जोडता: फ्रिज गॅसवर, हीटर रात्रभर, अंघोळ गीझरच्या पाण्याने. परतल्यावर ओलावामापकाने त्याच नकाशावर पुन्हा आकडे घ्या. कुठलाही आकडा आधीपेक्षा वाढला असेल तर इथे भिंतीच्या रचनेसह ते दोन्ही आकडे आणि जागा लिहा, पाणी कुठून शिरतंय याचा अंदाज त्यावरून बांधता येईल.